जुन्या आऊटबोर्ड मोटरचं वय ओळखणं आणि नेमके पार्ट मिळवणं

होडीच्या मागच्या फळीवर लावायच्या आऊटबोर्ड मोटरसाठी ‘यामाहा चाळीसचा (४० हॉर्सपॉवरचा) पिस्टन द्या,’ एवढंच सांगून दुकानात उभे राहिलात, तर दुकानदार तीन वेगवेगळे पिस्टन काढून समोर ठेवू शकतो. ई४०एक्स हे दोन सिलिंडरचं ७०३ सीसीचं इंजिन, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८० मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७०. ई४०जे हेही दोन सिलिंडरचंच, पण ५९२ सीसीचं, बोअर ७५ आणि स्ट्रोक ६७. ४०व्ही तीन सिलिंडरचं, ६९८ सीसी, बोअर ६७. तिन्हींच्या झाकणावर मोठ्या अक्षरात ‘४०’च असतं. त्यात झाकण बदललेलं असलं, स्टिकर नवा मारलेला असला, तर तेवढ्यावरही विसंबता येत नाही.

कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात फायबरच्या छोट्या होड्यांवर वीस-तीस वर्षं चाललेल्या मोटरी आजही कामाला आहेत. अनेक हातांतून गेलेल्या, एकीचा तुकडा दुसरीला लावलेल्या, दोन-तीनदा रंगवलेल्या. अशा मोटरला ‘एक’ वय नसतं. क्लॅम्प ब्रॅकेट (होडीच्या फळीला धरणारा भाग), पॉवरहेड (वरचं इंजिन) आणि लोअर युनिट (पाण्यातला गीअर-पंख्याचा भाग) हे तिचे तीन मोठे भाग. तिन्ही वेगवेगळ्या सालचे, कधी वेगवेगळ्या मॉडेलचेही असू शकतात. नंबरची प्लेट मात्र बहुतेक कंपन्या ब्रॅकेटवर लावतात. म्हणजे काटेकोरपणे बोलायचं तर ती प्लेट फक्त ब्रॅकेटची साक्ष देते. पॉवरहेड आणि लोअर युनिटची ओळख स्वतंत्रपणे पटवावी लागते. पार्ट चुकीचा येण्याचं निम्मं कारण ही पायरी गाळणं हेच असतं.

प्लेट आधी नीट वाचा

प्लेट क्लॅम्प ब्रॅकेटच्या बाहेरच्या अंगाला, नाहीतर दोन्ही ब्रॅकेटच्या मधे स्विव्हलवर (मोटर वळवणाऱ्या भागावर) असते. मीठ, ग्रीस आणि रंग यांखाली ती दिसतच नाही. वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नका. पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ठोकलेले आकडे दोनदा घासलं की जातात, आणि फॉइलच्या स्टिकरवर छापलेले तर एकदाच घासलं की. साबणाचं कोमट पाणी, मग थोडं रॉकेल आणि जुना टूथब्रश एवढं पुरतं. तेवढ्यानं भागलं नाही तर पातळ कागद प्लेटवर धरून वरून मऊ पेन्सिल आडवी घासा. ठोकलेले आकडे कागदावर उमटतात. टॉर्च समोरून न मारता बाजूनं, जवळजवळ प्लेटला टेकवून मारा आणि मग फोटो काढा.

गफलत ठरलेल्या जागी होते: ८ आणि बी, ० आणि डी, ६ आणि जी, १ आणि आय. शंका असेल तिथं दोन्ही शक्यता लिहून ठेवा. मनानंच एक ठरवून टाकू नका.

प्लेटवर साधारण चार गोष्टी मिळतात: मॉडेलचं नाव, मॉडेल कोड, शाफ्टच्या लांबीचं अक्षर आणि सीरियल नंबर. चारही जसेच्या तसे उतरवा, मधली रेघ आणि रिकामी जागासुद्धा. नुसता सीरियल नंबर घेऊन गेलात तर पुष्कळदा काहीच निघत नाही, कारण तोच आकडा दुसऱ्या मॉडेलवरही असू शकतो.

होडीच्या नोंदणीच्या किंवा विम्याच्या कागदांवर इंजिनाचा नंबर असेल तर तो प्लेटशी आणि ब्लॉकवरच्या (इंजिनाच्या ओतीव गाभ्यावरच्या) शिक्क्याशी ताडून पाहा. जुनी मोटर विकत घेताना तर हे आधीच करायचं काम आहे. व्यवहार झाल्यावर फरक सापडला तर नुसती डोकेदुखी.

साल कसं काढायचं

जॉन्सन आणि एव्हिनरूड या दोन्ही मोटरी ओएमसी या एकाच कंपनीच्या. यंत्र तेच, रंग वेगळा. १९८० पासूनच्या मॉडेल नंबरात साल अक्षरांत दडवलेलं आहे. ‘इंट्रोड्यूसेस’ या इंग्रजी शब्दाची दहा अक्षरं ओळीनं घ्यायची आणि त्यांना १ ते ९ आणि शेवटी ० द्यायचा: आय १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९, एस ०. नंबराचं अगदी शेवटचं अक्षर सोडून द्या, त्याच्या आधीची दोन अक्षरं म्हणजे साल. समजा नंबर आहे जे-१५-आर-एल-सी-डी-सी. जे म्हणजे जॉन्सन, १५ हॉर्सपॉवर, आर म्हणजे दोरीनं स्टार्ट, एल म्हणजे लाँग शाफ्ट, सी-डी म्हणजे ८६, आणि शेवटचा सी ही त्या सालातली उत्पादनाची आवृत्ती. ही आवृत्तीही लिहून घ्या. एकाच सालात मधेच पार्ट बदलला असेल तर कॅटलॉगचं पान त्या शेवटच्या अक्षरावरून ठरतं.

त्याआधीच्या, १९६८ ते १९७९ च्या जॉन्सनवर साल उघड लिहिलेलं असतं. १०आर७४ म्हणजे १९७४ ची दोरीची ९.९. एव्हिनरूडमध्ये हॉर्सपॉवरनंतरचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो, म्हणून १५४०४ ही १९७४ ची १५ हॉर्सपॉवर. १९६८-६९ आणि १९७८-७९ यांत घोळ होऊ शकतो. तिथं फ्लायव्हीलखाली (इंजिनाच्या माथ्यावरच्या जड चाकाखाली) पाहा. ओएमसीच्या छोट्या मोटरींत १९७७ च्या सुमारास जुनं पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन जाऊन सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) आलं. ओएमसी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढं बॉम्बार्डियरनं ही नावं घेतली. त्यानंतरच्या काही जॉन्सन फोरस्ट्रोक मोटरी मुळात सुझुकीनं बनवलेल्या आहेत, त्यामुळे ओएमसीच्या कॅटलॉगात त्यांचे पार्ट शोधण्यात अर्थ नाही.

यामाहाचं जरा निराळं आहे. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या मोटरींच्या नावात शेवटी सालाचं अक्षर असतं: एन १९८४, के १९८५, जे १९८६, एच १९८७, जी १९८८, एफ १९८९, डी १९९०, पी १९९१, आणि तिथून क्यू, आर, एस, टी, यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय असं २००० पर्यंत. झेड २००१, ए २००२, आणि डी परत २००५ ला येतो. म्हणजे डी दिसला की मोटर टूस्ट्रोक आहे की फोरस्ट्रोक, कार्ब्युरेटरची आहे की इंजेक्शनची, हे बघूनच दशक ठरवावं लागतं. आपल्याकडच्या यामाहा एन्ड्युरो (नावात आधी ‘ई’ असलेल्या) मोटरींना ही रीत लागू नाही. ई४०एक्समधला एक्स म्हणजे १९९९ नव्हे, तो मॉडेलचाच भाग. ही चूक भलेभले करतात. एन्ड्युरोसाठी सालापेक्षा तीन चिन्हांचा मॉडेल कोड मोलाचा: ई४०एक्सचा ६६टी, नंतरच्या ९.९ आणि १५ चा ६३व्ही, जुन्या ९.९-१५ चा ६८२. हा कोड कळला की साल नाही कळलं तरी पार्टचं काम सहसा अडत नाही.

सुझुकीच्या डीटी मालिकेत सीरियल नंबरच्या मधे रेघ असते. रेघेआधीचा भाग मॉडेलचा, आणि रेघेनंतरचा पहिला आकडा बहुधा सालाचा शेवटचा आकडा. ‘६’ आला तर १९८६ की १९९६, हे झाकणाची घडण आणि इग्निशन पाहून ठरवायचं. मॉडेलच्या नावामागे सालाचं अक्षर असेल तर काम सोपं होतं, पण अक्षरं इथंही फिरून येतात. टी हे १९८० चंही आहे आणि १९९६ चंही.

मर्क्युरीच्या बऱ्याच प्लेटवर खालच्या कोपऱ्यात दोन बारीक आकडे असतात, ते साल. पण मर्क्युरीचे पार्ट सालावर नाही, सीरियल नंबरच्या टप्प्यावर मिळतात: अमुक नंबरापासून तमुक नंबरापर्यंत हा पार्ट, पुढं दुसरा. फार जुन्या मॉडेलांत नावाचा शेवटचा शून्य काढला की हॉर्सपॉवर मिळते. मर्क ५०० म्हणजे ५०, मर्क ११५० म्हणजे ११५. मरीनर नाव असेल तर जपून. मर्क्युरीच्या या ब्रँडखाली सुरुवातीच्या बऱ्याच मोटरी यामाहाच्या होत्या, नंतर मर्क्युरीच्या स्वतःच्या आल्या. यामाहाचा तीन चिन्हांचा कोड कुठल्याही ओतीव भागावर सापडला तर सरळ यामाहाचं पुस्तक उघडा. मर्क्युरी नावाच्या कित्येक छोट्या मोटरीही टोहात्सूनं बनवलेल्या आहेत.

हॉर्सपॉवरच्या आकड्याबद्दल एक सूचना. पूर्वी ही ताकद क्रँकशाफ्टवर मोजत, १९८० च्या दशकात ती पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टवर मोजू लागले. त्यामुळे तेच इंजिन दोन-चार वर्षांच्या फरकानं कमी आकड्याचं स्टिकर घेऊन आलेलं दिसतं. उलट बाजूनं, ओएमसीच्या १९७४ पासूनच्या ९.९ आणि १५ चा ब्लॉक एकच, मुख्य फरक कार्ब्युरेटरचा. स्टिकर पंधराचा आणि आत ९.९ असा माल बाजारात असतोच.

पॉवरहेड काय सांगतं

झाकण काढा. जॉन्सन, एव्हिनरूड आणि मर्क्युरीच्या ब्लॉकवर रुपयाच्या नाण्याएवढी एक गोल चकती ठोकून बसवलेली असते. तो वेल्श प्लग. त्यावर नंबर ठोकलेला असतो. रंगाखाली असेल तर थिनरचा बोळा फिरवा, खरवडू नका. हा नंबर आणि ब्रॅकेटचा नंबर जुळत नसेल तर पॉवरहेड बदललेलं आहे असं धरून चाला. पिस्टन, रिंग, गॅस्केट, कार्ब्युरेटर, इग्निशन हे सगळं मग ब्लॉकच्या नंबरावरून घ्यायचं, ब्रॅकेटच्या नाही.

यामाहात कार्ब्युरेटरच्या अंगावरचा शिक्का पाहा. ६६टी००, ६एफ६०२ असा बारीक शिक्का असतो, त्यातली पहिली तीन चिन्हं म्हणजे मॉडेल कोड. मात्र कार्ब्युरेटरही बदललेला असू शकतो, म्हणून एकाच खुणेवर निर्णय घेऊ नका. स्टेटरचा (फ्लायव्हीलखालच्या वीज बनवणाऱ्या कॉइलचा) बेस, एक्झॉस्टचं कव्हर, स्टार्टरचं घर अशा दोन-तीन भागांवर तोच कोड दिसला तरच खात्री धरा.

ओतीव भागावर उठून दिसणारा आकडा आणि पार्ट नंबर या दोन निराळ्या गोष्टी. तो आकडा साच्याचा असतो. एकाच साच्यातून काढलेला ब्लॉक दोन मॉडेलांसाठी वेगवेगळा मशिन करतात. मापाला आधार म्हणून तो ठीक, पण ऑर्डर फॉर्मवर लिहू नका.

नंबर कुठंच नसेल तर हेड उघडून बोअर मोजा. व्हर्नियर चालेल, पण सिलिंडरच्या वरच्या टोकाला, जिथं रिंग पोचत नाही तिथं मोजा. खाली झिजलेलं माप येतं. पिस्टन खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत किती सरकतो ते डेप्थ गेजनं मोजलं की स्ट्रोक. बोअर, स्ट्रोक आणि सिलिंडरची संख्या कळली की सीसी निघते, आणि सीसीवरून मॉडेल दोन-तीन शक्यतांवर येतं. ८० आणि ७० आलं तर ७०३ सीसी, म्हणजे ई४०एक्स. ५६ आणि ५० आलं तर २४६ सीसी, म्हणजे यामाहाची ९.९ किंवा १५.

हेड उघडलंच आहे तर पिस्टनचा माथा पुसून बघा. ०२५ किंवा ०५० असा शिक्का असेल तर सिलिंडर आधी बोअर झालेलं आहे, पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठं. अशा ब्लॉकला स्टँडर्ड रिंग टाकल्या तर रिंगच्या दोन टोकांत फट मोठी राहते, कॉम्प्रेशन गळतं, आणि ‘नवी रिंग टाकूनही मोटर ओढत नाही’ ही तक्रार सुरू होते.

रॉकेलवर चालणारी मोटर असेल तर वेगळी काळजी. यामाहात तिचं नाव ‘ईके’नं सुरू होतं. रॉकेलसाठी कॉम्प्रेशन कमी ठेवतात, त्यामुळे हेड, हेड गॅस्केट आणि कार्ब्युरेटरचे जेट पेट्रोलच्या मोटरपेक्षा वेगळे असतात. बाहेरून दोन्ही मोटरी जुळ्या दिसतात. पेट्रोलचं हेड रॉकेलच्या मोटरला बसतं, बोल्ट नीट लागतात, पहिल्या दिवशी ताकदही वाढल्यासारखी वाटते. मग ठोके येऊ लागतात आणि पिस्टनचा माथा किंवा रिंगची खाच फुटते. म्हणून मागताना ‘रॉकेलची’ हा शब्द न विसरता सांगा.

लोअर युनिट वेगळं तपासा

आधी शाफ्टची लांबी. ब्रॅकेट होडीच्या मागच्या फळीवर जिथं टेकतो त्या आतल्या काठापासून, पंख्याच्या वरच्या आडव्या कॅव्हिटेशन प्लेटपर्यंत मोजा. साधारण १५ इंच म्हणजे ३८१ मि.मी. आलं तर शॉर्ट, २० इंच म्हणजे ५०८ मि.मी. तर लाँग, २५ इंच म्हणजे ६३५ मि.मी. तर एक्स्ट्रा लाँग. इंचभर इकडेतिकडे चालतं. प्लेटवर ‘एस’ आणि मोजमाप २० इंच असं आलं तर कुणीतरी लांब शाफ्ट बसवला आहे. मग ड्राइव्ह शाफ्ट, गीअरचा रॉड आणि पाण्याची नळी या तिन्ही वस्तू लाँगच्याच मागवाव्या लागतात.

गीअर रेशो, म्हणजे पंखा एकदा फिरायला इंजिन किती वेळा फिरतं ते प्रमाण, न उघडता काढता येतो. आधी किल स्विचची क्लिप काढा, सगळे प्लग काढून त्यांच्या वायरी इंजिनाच्या धातूला अर्थ (अर्थिंग) करा आणि मोटर फॉरवर्डमध्ये टाका. फ्लायव्हीलवर आणि पंख्याच्या एका पात्यावर खडूनं खूण करा. फ्लायव्हील घड्याळाच्या दिशेनंच हातानं दहा वेळा फिरवा आणि पंखा किती फिरला ते मोजा. साधारण ४.८ फेरे झाले तर रेशो २.०८, म्हणजे २७ दात आणि १३ दात. ५.४ झाले तर १.८५, म्हणजे २४ आणि १३. उलटं फिरवू नका, वॉटर पंपातल्या इंपेलरची (रबरी चक्राची) पाती उलटी वळतात आणि जुन्या रबराला तिथंच तडा जातो.

हा आकडा ब्लॉकच्या मॉडेलशी जुळला नाही तर खालचा भाग परक्या मोटरचा आहे. मोटर चालते, पण एकतर पूर्ण थ्रॉटलला ठरलेल्या आरपीएमपर्यंत पोचत नाही, नाहीतर त्याच्या वर पळते. लोक पंखा बदलत राहतात, दोष पंख्यात नसतो.

पंखा मागवताना व्यास आणि पिचसोबत (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढं सरकतो ते माप) मधल्या छिद्राच्या खाचा मोजा. यामाहाच्या छोट्या ९.९-१५ ला ८ खाचा, २० ते ३० ला बहुधा १०, ४० च्या आसपास १३, आणि त्यावर १५. यामाहाच्या पंख्यावर मापानंतर एक अक्षरही असतं. ९ ७/८ × १३-एफ यातला एफ हा पंखा कोणत्या गटाच्या लोअर युनिटला बसतो ते सांगतो. व्यास-पिच जुळून अक्षर वेगळं असेल तर पंखा बसणार नाही.

पार्ट नंबर वाचायला शिका

यामाहाचा पार्ट नंबर तीन तुकड्यांत वाचायचा. ६३व्ही-४४३५२-०१ घ्या. ६३व्ही म्हणजे हा पार्ट पहिल्यांदा ज्या मॉडेलसाठी बनला त्याचा कोड. ४४३५२ म्हणजे वस्तू कोणती, इथं वॉटर पंपचा इंपेलर. हे पाच आकडे सगळ्या मॉडेलांत तेच राहतात: ४४३५२ इंपेलर, १११८१ हेड गॅस्केट, ११६३१ पिस्टन, १४३०१ कार्ब्युरेटर, २४४१० फ्युएल पंप. शेवटचे दोन आकडे आवृत्तीचे. पाकिटावर ०० ऐवजी ०१ किंवा ०२ आलं तर घाबरू नका. कंपनीनं जुना नंबर रद्द करून नवा त्याच्या जागी दिला असेल तर तो जुन्यालाही बसतो. उलट मात्र चालेलच असं नाही, म्हणून दुकानातल्या जुन्या साठ्यातला ०० घेण्याआधी विचारा.

पहिला कोड तुमच्या मोटरचा नसला तरी पार्ट चुकीचा असतो असं नाही. कंपनी एकच पार्ट पाच मॉडेलांत वापरते, नाव मात्र पहिल्या मॉडेलचंच राहतं. अंतिम शब्द तुमच्या मॉडेलच्या कॅटलॉगातल्या चित्राचा.

नंबर ९३ नं सुरू झाला तर ती सामान्य वस्तू, ऑइल सील किंवा बेअरिंग. ९३१०१-२२०६७ मध्ये रेघेनंतरचा २२ हे सीलचं आतलं माप मि.मी.मध्ये. ९३३०६-२०५ ने सुरू होणारं बेअरिंग म्हणजे बहुधा ६२०५. असं बेअरिंग शहरातल्या बेअरिंगच्या दुकानातही मिळतं, पण मापासोबत क्लिअरन्सचं चिन्हही तेच घ्या. क्रँकच्या बेअरिंगला बाहेरच्या अंगावर पिन किंवा खाच असेल तर बाजारातलं साधं बेअरिंग लावू नका. ते केसिंगमध्ये फिरतं आणि ब्लॉक खातं.

ओएमसीचे नंबर मूळचे सहा आकडी. नंतर पुढं शून्य लावून सात आकडी झाले. दोन्ही एकच.

नेहमी लागणाऱ्या वस्तूंतले खड्डे

इंपेलर घेताना जुना सोबत न्या, आणि बाहेरचा व्यास, उंची, पात्यांची संख्या, शाफ्टचं छिद्र आणि चावी की पिन, या पाच गोष्टी जुळवा. आवृत्ती बदलली की उंचीत एखाद-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. बुटका इंपेलर बसतो, सावकाश चालताना पाणी मारत नाही, वेगात मारतो. जुन्याची पाती तुटलेली असतील तर तुकडे मोजा. गहाळ तुकडा वर थर्मोस्टॅटपाशी किंवा वाटेत अडकलेला असतो, आणि नवा इंपेलर टाकूनही मोटर तापत राहते. खालची स्टीलची प्लेट आणि आतला कप चरे पडलेले असतील तर पूर्ण किट घ्या. नुसत्या इंपेलरचे पैसे वाया जातात.

प्लग नावावरूनच वाचा. एनजीके बीआर७एचएस-१० मध्ये बी म्हणजे १४ मि.मी.चा आटा, आर म्हणजे रेझिस्टर, ७ उष्णतेची श्रेणी, एच म्हणजे १२.७ मि.मी. लांबी आणि १० म्हणजे १ मि.मी. गॅप. एचच्या जागी ई आला तर लांबी १९ मि.मी., तो पिस्टनवर आपटू शकतो. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, चँपियनमध्ये आकडा वाढला की गरम. एका कंपनीचा आकडा दुसरीत शोधू नका, तक्त्यातून जुळवा.

इग्निशनच्या वस्तू दुकानं परत घेत नाहीत. म्हणून सीडीआय, स्टेटर, पल्सर (स्पार्कची वेळ देणारी कॉइल) घेण्याआधी बिघाड नेमका कशात आहे ते मोजून ठरवा, आणि नव्याच्या वायरींचे रंग व जोडणीचे तुकडे जुन्याशी शेजारी ठेवून मिळवा. फ्लायव्हील परक्या मोटरचं असेल तर चुंबकांची मांडणी वेगळी असते. स्पार्क येतो, पण चुकीच्या वेळी. फ्लायव्हील काढायला पुलरच वापरा. हातोडीनं ठोकलं तर चुंबक निखळतो, आणि क्रँकलाही मार बसतो.

तेलाचं प्रमाण मोटरच्या सालाशी बांधलेलं असतं. जुन्या काही मोटरी २५:१ च्या, म्हणजे १० लिटर पेट्रोलला ४०० मि.ली., नंतरच्या बहुतेक ५०:१ च्या, म्हणजे १० लिटरला २०० मि.ली. ओएमसीनं १९८० च्या दशकाच्या मध्यावर १००:१ सांगितलं आणि नंतर स्वतःच ५०:१ वर परत आली. म्हणून त्या काळातल्या झाकणावरचं १००:१ चं स्टिकर पाळू नका. तेल टीसी-डब्ल्यू३ (पाण्यानं थंड होणाऱ्या टूस्ट्रोक मोटरींच्या तेलाचा दर्जा) चं, मोटरसायकलचं टूटी नाही.

ऑर्डर देताना फोनवर वर्णन करण्यापेक्षा सहा फोटो पाठवा: प्लेट, ब्लॉकवरचा शिक्का, कार्ब्युरेटरवरचा शिक्का, झाकण काढून दोन्ही बाजूंनी पूर्ण पॉवरहेड, आणि जुना पार्ट मोजपट्टीशेजारी ठेवून. सोबत बोअर, शाफ्टची लांबी आणि गीअर रेशो लिहा. सील आणि गॅस्केट एकेक न घेता त्या कामाचा पूर्ण संच घ्या. पाकीट आल्यावर ते फोडण्याआधी लेबलवरचा नंबर कॅटलॉगशी ताडून पाहा, कारण फोडलेलं पाकीट दुकानदार परत घेत नाही.